सहा रविवार, चार हजार आठशे रुपये : मुलाखतीच्या क्लासचा माझा अनुभव

क्लासचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलं तर 'पैसे मिळाले असतील' म्हणणार, वाईट लिहिलं तर मॅडमना वाईट वाटणार, आणि त्या मला भाजी घेताना भेटतात. डोंबिवली स्टेशनपासून चालत सात मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर क्लास. एवढ्यावरून शोधायचं तर शोधा. या वर्णनात बसतील असे डझनभर क्लास डोंबिवलीत असतील, ती वेगळी गोष्ट.

जाहिरातीत लिहिलं होतं : मुलाखतीची तयारी, ऑफिस एटिकेट, वर्कप्लेस कम्युनिकेशन. सहा रविवार, सकाळी दहा ते एक. फी ४,८०० रुपये, दोन हप्त्यांत. फाइल, पेन आणि गळ्यात अडकवायचं कार्ड फीमध्येच. चहा ज्याचा त्याने.

माझं वय ५१. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात २४ वर्षं स्टोअर्सला होतो. १९६२ साली एमआयडीसी निघाली तेव्हाची ही पहिली वसाहत. मी लागलो तेव्हाही तिथले निम्मे भोंगे बंद झालेले होते, पण आमचा वाजत होता. स्टोअर्स असिस्टंट म्हणून लागलो, शेवटची सात वर्षं इन्चार्ज. मग कंपनीने ठाण्याचं युनिट बंद केलं, सगळ्यांचे हिशेब दिले, आणि ज्याने २४ वर्षांत एकही मुलाखत दिली नाही असा माणूस बाजारात आला. पहिली नोकरीसुद्धा मामांच्या ओळखीने मिळालेली. तेव्हाच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, "हिशेबात चोख आहेस का?" मामाच म्हणाले, "आहे." झाली मुलाखत.

युनिट बंद झाल्यावर तीन ठिकाणी जाऊन आलो. तिन्हीकडून 'कळवतो' म्हणाले. मग मुलीने मला न विचारता क्लासचा पहिला हप्ता भरून टाकला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला काम येतं, पण सांगता येत नाही." राग आला होता. पैसे भरलेले होते म्हणून गेलो.

पहिल्या दिवशी दारातल्या मुलीने सांगितलं, "पालकांनी खाली थांबायचंय." मी गळ्यातलं कार्ड दाखवलं. ती इतकी ओशाळली की पुढचे पाचही रविवार तिने मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी विचारलं.

बॅचमध्ये आम्ही चौदा जण. मी सोडून बाकी सगळे विशी-पंचविशीतले : बीकॉम, बीएससी आयटी, दोन डिप्लोमावाले, आणि लग्नानंतर चार वर्षांनी परत नोकरी शोधणारी एक मुलगी. पहिल्या अर्ध्या तासात मी सगळ्यांचा 'काका' झालो. मॅडम म्हणाल्या, इथे कुणी कुणाला काका-ताई म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. मुलांनी प्रयत्न केला. माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगा नुसत्या नावाने हाक मारतो तेव्हा कसं वाटतं, ते मला आयतंच कळलं. पुढे ते उपयोगी पडलं, कारण आताचे माझे साहेब तिशीचे आहेत. तेव्हा मात्र दुसऱ्या रविवारपर्यंत 'काका' परत आले आणि मॅडमनी नाद सोडला.

पहिल्या दोन रविवारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बायोडेटा दोन पानांत बसवा, फोटो लावू नका, जन्मतारखेशेजारी वडिलांचं नाव आणि रास लिहू नका. (माझ्या बायोडेट्यात रास नव्हती. 'छंद : वाचन' होतं. ते काढलं.) इस्त्री, बूट, वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचणं. ज्याने आयुष्यभर ७.५२ ची लोकल पकडली त्याला वेळेचं काय शिकवणार? पण एक पोरगा दुसऱ्या रविवारी वीस मिनिटं उशिरा आला आणि 'ट्रॅफिक होतं' म्हणाला. राहायला तो त्याच गल्लीत. तेव्हा शिकवणं गरजेचंच असावं.

हस्तांदोलनाचा सराव मात्र मजेचा झाला. माझा हात लोखंडाच्या बिनांमध्ये (सुटे भाग ठेवायच्या खणांमध्ये) घासून घासून राठ झालेला. बीएससीवाल्या पोराने हात दिला आणि "आई गं" म्हणाला. समोरच्याने हात पुढे केला तर द्यायचा, बाई असतील आणि त्यांनी हात पुढे केला नाही तर सरळ नमस्कार करायचा, असं मॅडमनी सांगितलं. हे बरं सांगितलं. नमस्कारात काही कमीपणा नाही, हेसुद्धा कुणीतरी सांगावं लागतं.

तिसरा रविवार मात्र फुकट गेला, आणि माझी मुख्य तक्रार त्याचीच. विषय 'डायनिंग एटिकेट'. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे काटे-चमचे आणि ब्रेडच्या स्लाइस. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, खाऊन झालं की दोन्ही समांतर ठेवायचं. दीड तास आम्ही चौदा जण प्लास्टिकच्या सुरीने ब्रेड कापत होतो. आमच्यापैकी निम्मे गोडाऊन, बँकेचं कॉल सेंटर नाहीतर सीएच्या ऑफिसात जाणार. तिथे जेवण म्हणजे डबा. डब्याचेच तर रीतीरिवाज खरे अवघड असतात. चौघं डबे उघडून बसले असताना न विचारता दुसऱ्याच्या भाजीत पोळी बुडवायची का? शाकाहारी माणूस शेजारी असताना सुकटीची चटणी उघडायची का? नवा माणूस पहिल्या दिवशी एकटा कोपऱ्यात बसला तर त्याला बोलवायचं कुणी? चहाचे पैसे रोज एकच जण देत असेल तर ते थांबवायचं कसं? मी हे विचारलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "काका, चांगला पॉइंट आहे," आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या. पुढची स्लाइड सूप पिण्याची होती.

ईमेलचा भाग त्यापेक्षा कामाचा. कुणाला 'टू'मध्ये, कुणाला 'सीसी'मध्ये, आणि 'रिप्लाय ऑल' दाबण्याआधी हात मागे घ्या. साहेबाला सीसी करणं म्हणजे समोरच्याची तक्रार करणं, असं लोक समजतात, तेव्हा विचार करून करा. हे मी २४ वर्षं बघितलंय. परचेसवाल्याला एक मेल पाठवली आणि प्लॅंट हेडला सीसी केली, तर तो सहा महिने माझे इंडेंट, म्हणजे मालाची मागणीपत्रं, तळाशी ठेवायचा.

आता चौथा रविवार. क्लास चांगला आहे असं मी म्हणतो ते या रविवारमुळे.

विषय 'गॉसिप'. मॅडमच्या स्लाइडवर लाल अक्षरात एकच ओळ होती : गॉसिप टाळा. पण त्या दिवशी एक पाहुणे होते. सत्तरीचे गृहस्थ, चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाकडे डोंबिवलीत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला आणि फळ्यावर खडूने पाच शब्द लिहिले : गप्पा, खबर, अफवा, चहाडी, कुचाळकी.

म्हणाले, "इंग्रजीत तुम्ही सगळ्याला मिळून एकच शब्द वापरता, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं टाळता येईल. आपल्याकडे पाच आहेत, कारण पाचांशी पाच तऱ्हांनी वागावं लागतं."

गप्पा मारायच्याच, नाहीतर लोक तुम्हाला शिष्ट म्हणतात आणि अडीअडचणीला कुणी उभं राहत नाही. खबर ऐकायची, पण आपल्याकडून लगेच पुढे सरकवायची नाही. अफवेला विचारायचं, तुला कुणी सांगितलं? आणि त्याला कुणी? तिसऱ्या माणसापाशी बहुतेक वेळा पत्ता संपतो. चहाडी म्हणजे वरच्याचे कान भरणं. ती करणाऱ्याला साहेब वापरून घेतो, पण बढती देत नाही. "मी तीस वर्षं फायली बघितल्यात," म्हणाले, "चहाडखोराच्या फायलीवर कुणी चांगला शेरा लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यालाही त्याची भीती वाटते." आणि कुचाळकी म्हणजे माणूस समोर नसताना त्याचे वाभाडे. ती खरी असली तरी कुचाळकीच.

इथे एका मुलीने विचारलं, तिच्या आधीच्या ऑफिसात तिच्याबद्दल आणि टीम लीडबद्दल घाणेरडं बोलायचे, ग्रुपवर चित्रं टाकायचे. ती हसून सोडून द्यायची, शेवटी नोकरीच सोडली. ते काय होतं, कुचाळकी?

पाहुण्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "नाही. ती तक्रार होती." २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिकडे जायचं. आणि चौकशीतली नावं बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे 'सगळीकडे बोभाटा होईल' या भीतीवरही त्यात उपाय आहे. मुलगी वहीत लिहून घेत होती. "बाई माणसाबद्दलच्या अशा बोलण्याला गॉसिप म्हणून सोडून देऊ नका," ते मुलांकडे बघून म्हणाले, "आणि ऐकून दात काढणारेही त्यातच धरा." वर्गात पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

मग मी माझी गोष्ट सांगितली. घरीसुद्धा नीट सांगितली नव्हती.

युनिट बंद होणार ही कुजबुज कॅंटीनमध्ये वर्षभर आधीपासून होती. कुणी म्हणे जागा बिल्डरला दिली, कुणी म्हणे गुजरातला जाणार. मी लक्ष दिलं नाही. अफवा म्हणजे आमच्या भाषेत चलान, म्हणजे मालासोबतचा कागद, नसलेला माल. गेटवर चलानशिवाय माल आला तर स्टोअरकीपर तो नाकारत नाही आणि स्टॉकमध्येही घेत नाही. बाजूच्या रॅकवर ठेवतो, 'होल्ड'ची चिठ्ठी लावतो, कागदाची वाट बघतो. तशी ती बातमी मी होल्डवर ठेवली होती.

कागद आला पावसाळ्यात. आमच्या डाय, म्हणजे माल घडवायचे साचे, दुरुस्तीला बाहेर जायच्या त्या कायम रिटर्नेबल गेट पासवर, म्हणजे माल परत येणार. त्या महिन्यात लागोपाठ अकरा डाय नॉन-रिटर्नेबल गेट पासवर गेल्या. पास बनवणारा मीच. परचेसकडून निरोपही आला, नवीन काही मागवू नका, आहे ते संपवा. मला कळलं. कंपनीत कामगारांच्या बाजूने कळलेला बहुधा मी पहिला.

त्याच आठवड्यात आमचा एक फिटर काउंटरवर हातमोजे घ्यायला आला आणि आनंदाने सांगू लागला, बदलापूरला फ्लॅट बघितलाय, सोमवारी टोकन देणार, कर्जाचं काम होत आलंय. मी हातमोजे दिले, सही घेतली. तो जायला निघाला तेव्हा म्हणालो, "टोकन दिवाळीनंतर दे." त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. काही विचारलं नाही. टोकन दिलं नाही.

वर्गात मॅडम म्हणाल्या, हा गोपनीयतेचा भंग आहे, मुलाखतीत कधी सांगू नका. पाहुणे बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "कागद दाखवलात त्याला?" नाही. "आकडा सांगितलात?" नाही. "आणखी कुणाला बोललात?" नाही, बायकोलासुद्धा नाही. ते म्हणाले, "मग मुलाखतीत सांगू नका, मॅडमचं बरोबर आहे," आणि पुढच्या विषयाकडे वळले. मी बरोबर केलं की चूक, ते त्यांनी सांगितलं नाही. पण वर्ग सुटल्यावर जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन मजले उतरले.

पाचव्या रविवारी सराव मुलाखती. समोर मॅडम आणि पाहुणे, बाजूला स्टॅंडवर मोबाइल, सगळं रेकॉर्ड. 'स्वतःबद्दल सांगा'ला मी जन्मगावापासून सुरुवात केली, ते चालवून घेतलं. मग प्रश्न आला : "जुनी नोकरी का सोडली?"

मी बोललो. रेकॉर्डिंग नंतर बघितलं, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. त्यात मालकांची पुढची पिढी होती, नवा प्लॅंट हेड होता, युनियनमधली फूट होती, शेवटच्या करारात कुणी काय खाल्लं ते होतं, कॅंटीनच्या कॉन्ट्रॅक्टरचासुद्धा उद्धार होता. मॅडमनी मध्ये थांबवलं नाही. नंतर सगळ्यांसमोर लावलं आणि एका मुलाला मोजायला सांगितलं : 'मालक' हा शब्द अकरा वेळा, 'स्टोअर्स' दोनदा.

अकरा आणि दोन. मी स्टोअरकीपर, मला आकडा दाखवल्याशिवाय काही पटत नाही. तो पटला.

पाहुणे म्हणाले, यातलं सगळं खरं असेल. पण समोरचा तुमच्या मालकाला ओळखत नाही, तो तुम्हाला बघतोय. त्याला एवढंच दिसतं की हा माणूस उद्या आपल्याबद्दलही नऊ मिनिटं बोलेल. म्हणजे चौथ्या रविवारी जी कुचाळकी मी दुसऱ्यांच्या खात्यावर मांडत होतो, तीच तीन कंपन्यांत जाऊन मी स्वतः केली होती, आणि तिन्हीकडून 'कळवतो' घेऊन आलो होतो.

उत्तर घडवायला तासभर लागला. शेवटी उरलं ते दोन वाक्यांचं : "कंपनीने ठाण्याचं युनिट बंद केलं. शेवटच्या दिवशी पूर्ण स्टॉक जुळवून, सह्या घेऊन मी चावी दिली." बस. वाक्यं सोपी आहेत. अवघड आहे ते त्यानंतर गप्प बसणं. समोरचे दोघे मुद्दाम गप्प राहून माझ्याकडे बघायचे, आणि माझ्या तोंडातून "म्हणजे तसं बघायला गेलं तर..." निघायचं. परत पहिल्यापासून. सहाव्यांदा जमलं. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. या वयात बरं वाटतं हो.

त्या चार वर्षांनी परतणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, दुसरं मूल कधी? मॅडमचा सल्ला, हसून विषय बदला. पाहुणे म्हणाले, भरतीत बाई-पुरुष भेद करायला १९७६ पासून कायद्याने मनाई आहे, पण कायदा पर्समधून काढून टेबलावर ठेवता येत नाही. तुम्ही म्हणायचं, "कामाच्या वेळा मला जमतील, घरची व्यवस्था झालेली आहे." प्रश्न मुलाचा, उत्तर कामाचं. तिने ते वाक्य पाठ केलं. एका पोराला मधले रिकामे आठ महिने मागच्या कंपनीच्या तारखा वाढवून भरायचे होते. त्याला सांगितलं, पीएफच्या खात्यात कुठल्या कंपनीत कधी लागलास, कधी सोडलंस, सगळं दिसतं. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, नोकरी बदलली तरी एकच असतो. आठ महिने आजोबांच्या आजारपणात गेलेत ना? मग तेच सांग.

आता दुसरी तक्रार. सहा रविवारांत पगाराबद्दल एक शब्द नाही. 'पॅकेज कॉन्फिडंटली निगोशिएट करा' एवढीच स्लाइड. तो बीएससीवाला पोरगा चार लाखांच्या ऑफरवर महिना तेहतीस हजारांची स्वप्नं बघत होता, आणि त्यावर बाइकचा हप्ता ठरवून बसला होता. चहाच्या सुट्टीत मीच फळ्यावर मांडून दिलं. महिन्याचे झाले ३३,३३३. बेसिक १५,००० धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ७२१, आणि वर्षाचे ४०,००० 'व्हेरिएबल' लिहिलेत ते महिन्याला ३,३३३. हे सगळं तुझ्या हातात दरमहा येत नाही. मग तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. उरले २५,४७९. पोरगा फळ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काका, हे कॉलेजात का नाही सांगत?" कॉलेजाचं सोड, ४,८०० रुपयांत या क्लासने तरी सांगायला हवं होतं. काटा-सुरीचा दीड तास इथे वापरा, असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय.

सहावा रविवार प्रमाणपत्रं, फोटो आणि समोसे. समोसे हाताने खाल्ले, मॅडमनीसुद्धा.

पुढचं सांगायला हवं, नाहीतर परीक्षण अर्धं. महिन्याभराने भिवंडीला माणकोलीच्या एका गोडाऊनमध्ये मुलाखत होती. मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेतून स्कूटरवर तिथे जाणं सोपं झालंय. आधी सगळा वळसा घालून जायचं म्हटलं तर मी अर्जच केला नसता. समोर दोघं, एक तिशीचे ऑपरेशन्सचे साहेब, एक अकाउंट्सचे ज्येष्ठ. पहिला प्रश्न कामाचा : चलानवर शंभर नग, मोजले तर शहाण्णव, काय कराल? म्हटलं, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, शहाण्णवचीच, चार कमी आल्याची नोंद चलानवर ड्रायव्हरच्या सहीसकट, आणि गाडी सोडायच्या आधी परचेसला फोन. ई-वे बिलाबद्दल, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याबद्दल, विचारलं. १ एप्रिल २०१८ ला आंतरराज्य मालाला ते लागू झालं तेव्हा पहिल्या दिवसापासून गेटवर मीच होतो, तेव्हा त्यात मला थोपवणं कठीण.

मग आला तो प्रश्न. दोन वाक्यं बोललो आणि तोंड मिटलं. शांतता. अकाउंट्सवाले पुढे वाकून हळूच म्हणाले, "आम्ही तर ऐकलं की भावाभावांत वाजलं म्हणून बंद झाली. खरं का?"

नऊ मिनिटं चाळीस सेकंद जिभेवर तयार होती. म्हटलं, "स्टोअर्सपर्यंत तसला काही कागद आला नाही, सर." दोघं हसले. तिशीचे साहेब म्हणाले, सोमवारपासून येता का?

पगार आधीपेक्षा सहा हजारांनी कमी आहे. तो क्लासचा दोष नाही, आणि पूलही क्लासने बांधला नाही, तेव्हा श्रेय वाटताना दोन्ही लक्षात ठेवतो. पाचपैकी साडेतीन तारे. नुकतं शिक्षण संपलेल्यांनी जायला हरकत नाही. पण ज्यांची नोकरी अलीकडेच गेलीय आणि मनात खूप काही साठलंय, त्यांनी तर जावंच, निदान चौथा-पाचवा रविवार. मॅडमना विचारून घ्या, तेवढेच दोन करता येतात का. मी विचारलं होतं तेव्हा 'बघू' म्हणाल्या.

जाण्याआधी एवढं : पाहुणे प्रत्येक बॅचला येत नाहीत, पैसे भरण्याआधी खात्री करून घ्या. खिडकीकडचा पंखा आवाज करतो, पुढे बसा. आणि स्वच्छतागृह पहिल्या मजल्यावर आहे, चावी झेरॉक्सवाल्याकडे. तो चावी देता देता आधीच्या सगळ्या बॅचेसमध्ये कुणाचं काय झालं ते सांगतो.